परातीतलं पाणी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माय म्हणायची. एका जागी बसवत नाही, हातातलं काम संपायच्या आत दुसऱ्यावर डोळा, आणि कुणी संथपणे बोलायला लागलं की त्याच्या तोंडातलं पुढचं वाक्य ओढून काढावंसं वाटतं. हा स्वभाव अजून गेलेला नाही. पण ज्या श्रावणाची ही हकिकत आहे त्या श्रावणात मी सातव्या महिन्यात होते, सगळे मला बस म्हणत होते, आणि मला बसवत नव्हतं त्याचं कारण नुसता स्वभाव नव्हे.

आग्रा रोडवर सोनगीर सोडलं की आतल्या बाजूला माझं माहेर. जमीन काळी, पाणी मात्र एकाच ठिकाणी, पायऱ्यांच्या दगडी बारवेत. बायका घागरी घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरायच्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, पाय चोळायच्या, चूळ भरायच्या, गावभरच्या गोष्टी करायच्या आणि मग घागर बुडवायच्या. मीही लहानपणी तेच केलं. त्या पाण्याला गोडी होती, आणि त्याच पाण्यात नारू होता.

नारू आता कुणी पाहिलेला नसेल म्हणून सांगते. पायाला फोड यायचा, त्याची अशी आग व्हायची की माणूस गार पाणी शोधत फिरायचा. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढायचा. तो ओढून चालत नसे. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर घ्यायचा, वर धोतऱ्याची पानं गरम करून बांधायची. तुटला तर पाय सुजायचा, पिकायचा. ऐन पेरणीत घरटी एखादी खाट तरी त्याने अडवलेली असायची. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे रक्ताचा दोष. माझ्या धाकट्या भावाचा नारू गुडघ्यापाशी तुटला, गुडघा महिनोनमहिने वाहिला आणि बरा झाला तो आखडूनच. विशीतला देखणा पोरगा, पण डावा पाय दुमडत नाही, त्यामुळे ना औत धरता येई ना कुणी मुलगी देई. घरी बसून अंबाडीचे दोर वळायचा. वडील आधीच गेलेले. मायचा सगळा जीव त्या एका गुडघ्यात अडकला होता.

माझं लग्न झालं ते नेमकं आरोग्य खात्यातल्या माणसाशी. आमचे हे जळगावचे, धुळ्याला नोकरीला, सायकलवर हिंडून गावोगावच्या विहिरी तपासायचे. लोक त्यांना 'सॅनिटरी' म्हणत. माणूस सरळ, पण पुस्तकातलं वाचून दाखवल्यासारखं बोलायची खोड. लग्नानंतर पहिल्या वर्षात त्यांनी मला चहा पिता पिता नारूचं सगळं शास्त्र सांगितलं. नारू झालेला पाय पाण्यात बुडला की नारू आपलं बी पाण्यात सोडतो. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे असतात, ते ते बी खातात. ते पाणी माणूस पितो, आणि वर्षाने त्याच्या पायातून नारू निघतो.

मी विचारलं, म्हणजे गावाला नारू पाजतं कोण? कपातून डोकं वर न काढता ते म्हणाले, ज्याला होतो तोच.

त्या क्षणापासून माझी झोप गेली म्हणायला हरकत नाही. कारण मायला एक वर्षाआड नारू व्हायचाच, आणि माय दर वर्षी कानबाईच्या सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन बारवेत उतरायची.

कानबाई हा आमच्या खानदेशचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. सगळी भावकी एका घरात जमते. घरात जितके पुरुष तितक्या मुठी गहू प्रत्येक घरातून येतात, ते एकत्र दळायचे, त्याचे रोट करायचे आणि भावकीनेच खायचे. आमच्या भावकीत लग्न झालेल्या लेकीला रोटाचा वाटा नाही. सोमवारी सकाळी थोरल्या घरची थोरली सून देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर जाते. दुसऱ्या गावांत नदी आहे, आमच्याकडे बारव. थोरली सून पाण्यात उतरून देवीला बुडी देते आणि तेच पाणी तांब्यात भरून घरोघर शिंपडायला आणतात. आमच्या भावकीची थोरली सून म्हणजे माझी माय.

हे मायला कसं सांगायचं? तुझ्याच पायातून गेलं असेल म्हणून? तिने पहिल्यांदा भावाच्या गुडघ्याकडेच पाहिलं असतं. मी सांगितलं नाही. मनातल्या मनात रोज सांगत होते आणि रोज गिळत होते.

मग वैशाखात यांच्या खात्याने बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली. वरून दगडी कठडा केला. साहेब येऊन पाहून गेले, गवंडी मजुरी घेऊन गेले. आता कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही, वरून दोराने पाणी शेंदायचं, असं हे मला धुळ्याला मोठ्या समाधानाने सांगत होते. मलाही हायसं वाटलं. भिंतीने माझं काम केलं, आता मायला काही सांगायला नको, असं वाटून मी त्या दिवशी पुरण घातलं होतं.

आषाढाच्या अखेरीस पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि पहिल्याच सकाळी समाधान उतरलं. बारवेवर रहाट नव्हता. भिंत बांधली, कठडा बांधला आणि रहाटाचा कागद कुठल्याशा टेबलावर पडलेला. बायका कठड्यावर पोट टेकवून, दोर हातावर घासत, खोल पाण्यातून घागर वर ओढत होत्या. म्हाताऱ्यांना जमत नव्हतं, बाळंतिणींना जमत नव्हतं. तळहातांची सालटी निघालेली. पूर्वी खाली उतरलं की दोन घटका बोलणं व्हायचं, तेही गेलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना, तशी गत. आणि त्या भिंतीचं नाव गावाने ठेवलं होतं 'जावयाची भिंत'. मी दोर हातात घेतला की कुणीतरी मागून म्हणायचंच, तुझ्या मालकाला म्हणावं चार घागरी शेंदून दाखव, मग आम्हाला शिकव.

मी भांडायला तोंड उघडायची आणि मिटायची. त्यांचं खरं होतं.

मायच्या उजव्या घोट्याजवळ त्या वर्षी पुन्हा फोड आला होता. आणि भावकीत एकच बोलणं चाललं होतं: कानबाईचं काय? आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि भावकीतले सगळ्यांत वडील, यांनी ओट्यावर बसून सांगून टाकलं.

"सोमवारे भीत तोडूत. कानबाई काय दोरवरथून उतरी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मायनेही. पहारी कुठल्या घरच्या हेसुद्धा ठरलं. मला रोटात वाटा नाही, तर भावकीत तोंड कुठून असणार. मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. भिंत पडणार, माय पाण्यात उतरणार, आणि नंतर तेच पाणी मी पिणार, पोटातलं बाळ घेऊन. पाणी गाळून पिईन, उकळून पिईन, पण सगळा गाव थोडाच उकळणार? धुळ्याला निघालेल्या एका गाडीवानाकडे मी यांना निरोप धाडला, लगेच या.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, आग्रा रोडवरची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंनाच ढकलायला लावायची. हे आले ते कोळशाने काळे झालेले, घामाघूम, आणि रागाने लाल. भिंत पाडणं गुन्हा आहे, पोलीस पाटलाला घेऊन उभा राहतो, असं अंगणातूनच सुरू केलं. भिंतीआड शेजारणी हसल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मीच मनात म्हटलं. त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, आधी तोंड धुवा, तेही जरा जपून वापरा, ते मी शेंदलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. माय पडवीत बसली होती. पूर्वी पायाची आग झाली की ती बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन पाय पाण्यात सोडून बसायची. आता ते बंद, म्हणून तिने पितळी परात घेतली, गार पाणी ओतलं आणि पाय आत ठेवला. समोर भाऊ पाय लांब करून दोर वळत होता. मी आत-बाहेर करत होते. हे खाटेवर बसून कागद चाळत होते.

तिच्या तोंडून सुस्कारा निघाला, बरं वाटल्याचा. आणि मी पाहिलं, घोट्याजवळच्या फोडातून परातीत पांढुरकं काहीतरी उतरत होतं. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं. बारवेच्या काळ्याशार पाण्यात ते कधीच कुणाला दिसलं नसणार. घासलेल्या पितळेवर ते स्पष्ट दिसत होतं.

मी पदर पुढे करून परात उचलायला वाकले, पण यांचं लक्ष गेलं होतं. ते खाटेवरून उठले, उकिडवे बसले आणि त्यांचा चेहरा खुलला. हो, खुलला. हेच ते, हेच, म्हणाले, इतकं स्वच्छ मीही कधी पाहिलेलं नाही.

माय जावयाशी समोरासमोर बोलत नसे. आमच्यात तशी रीत नाही. काही सांगायचं असलं की माझ्याकडे तोंड करून सांगायची. त्या दिवशी तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि थेट त्यांना विचारलं.

"जावईबापू, हाई काय शे?"

त्यांनी सांगितलं. मला चहा पिताना सांगितलं होतं तसंच, पायरी पायरीने, शुद्ध भाषेत. नारूचं बी, पाण्यातले किडे, पिणारा माणूस, वर्षाने फोड.  भावाचे हात दोरावर थांबले होते. सगळं सांगून झाल्यावर माय परातीतल्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "म्हंजे मन्हा पायमाईन?"

 मग ती भावाच्या गुडघ्याकडे पाहायला लागली. मी ज्याला वर्षभर भीत होते ते नेमकं तसंच झालं.

यांना उशिरा का होईना कळलं. कुणाच्या पायातून कुणाला झाला हे सांगता येत नाही, गावात नारू पुष्कळांना होता, असं ते चाचरत म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण भाऊ उठला होता. भिंतीला धरून, आखडलेला पाय ओढत बाहेर निघून गेला. अर्धा वळलेला दोर तिथेच सुटत राहिला.

यांना मी गोठ्यात गाठलं. बैलांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आवाज चढला.

"तुम्हाला किडा दिसला. माझी माय दिसली नाही."

ते म्हणाले, कधीतरी कळायलाच हवं होतं, आणि तुला वर्षभर माहीत होतं. यातला दुसरा भाग खरा असल्यामुळे मला जास्तच राग आला. मी म्हटलं, भिंत बांधताना साहेबांना विचारलंत, गवंड्याला विचारलंत, घागर कोण ओढणार हे एका तरी बाईला विचारलंत का? रहाट नसलेली विहीर म्हणजे काय ते माझे हात बघा. मी तळवे त्यांच्या नाकासमोर धरले. त्यांनी ते पाहिले.  मग म्हणाले, आता काय करू? हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी बैलांना वैरण टाकायला लागले.

भाऊ जेवायला आला, ताटावर बसला, मायने वाढलेलं खाल्लं, पण तिच्याशी बोलला नाही. रागावला होता की नुसताच गप्प होता ते कळेना. माय त्याच्या तोंडाकडे पाहायची आणि तो भिंतीकडे पाहायचा. मला वाटायचं दोघांना गदागदा हलवावं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मी त्याला गाठून सांगितलंही. त्याने दोराचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडे पाठ केली.

नागपंचमीच्या दुपारी आबांच्या ओट्यावर भावकी बसली. दर वर्षी बसते, कुठल्या घरच्या किती मुठी ते ठरवायला. पुरुष ओट्यावर घोंगडीवर, बायका आतल्या दारात. मी बायकांच्याही मागे. हे जावई म्हणून खाटेवर बसवलेले, मानाने आणि एकटे. मुठी ठरल्या. आबांनी पुन्हा पहारींचा विषय काढला. हे घसा साफ करून कायदा सांगणार इतक्यात दारातल्या बायका बाजूला सरकल्या.

माय परात घेऊन बाहेर आली. परातीत पाणी होतं. भावकीतल्या पुरुषांसमोर ती कधी ओट्यावर आलेली नव्हती, वडील गेल्यापासून तर नाहीच. तिने परात घोंगडीच्या मधोमध ठेवली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि वडीलधाऱ्यांसमोर आपला पाय त्या पाण्यात ठेवला. कुणीतरी अगं अगं म्हणालं. ती हलली नाही. पाणी पांढुरकं होईपर्यंत उभी राहिली.

"हाई मन्हा पाय शे आणि हाई पानी शे," ती म्हणाली. "तुम्हामा कोन पेस ते सांगा. इतला वरीस मी बठ्ठासले पाजं. मन्हा आंडोरले बी पाजं."

सगळ्यांना पाजलं, पोटच्या पोरालाही, या शेवटच्या वाक्यावर तिचा आवाज फुटला. भाऊ ओट्याच्या कडेला बसला होता, त्याने मान खाली घातली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण मधे सगळ्या बायका होत्या आणि मी माझं पोट घेऊन दारातून बाहेर पडू शकले नाही. तिथेच उभी राहून मी रडले, मोठ्याने.

आबा पुष्कळ वेळ परातीत पाहत बसले. त्यांच्या स्वतःच्या पिंढरीवर जुन्या नारूचे वण होते, त्यावर त्यांचा हात आपोआप गेला. मग ते मायला नव्हे, यांना म्हणाले, "जावईबापू, भीत बांधी ते चांगलं करं. पन पानी कोन काढस, हाई कोनले इचारं तुम्हनी?"

हे खाटेवरून उतरले आणि घोंगडीवर बसले. कुणालाच विचारलं नाही, म्हणाले, आता विचारतो. आणि ते दाराकडे वळले.

मग बायका जे बोलल्या ते मी काय लिहू. तीन महिन्यांचं साचलेलं होतं. रहाट नाही, कठडा उंच, ओटा निसरडा, घागर ठेवायला जागा नाही, सांडलेलं पाणी परत आत जातं. एक म्हणाली, आम्हाला पायऱ्यांची हौस नव्हती, आम्हाला टेकायला जागा हवी होती. हे ऐकत होते, मधे काही बोलत नव्हते, आणि एकदा तर चक्क हसले. गावातल्या सुताराने जुन्या गाडीच्या चाकाचा रहाट करून द्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं. खात्याची मंजुरी पुढे केव्हा आली ते मला आठवत नाही, रहाट त्याच्या कितीतरी आधी फिरायला लागला होता.

राहिली कानबाई. आबा म्हणाले, बाकी सगळं मान्य, पण देवीला गावच्या पाण्यात बुडी हवीच. त्यावर दारातून एकदम दोघी-तिघी बोलल्या, कोण आधी बोललं ते सांगता येणार नाही. देवीला पाणी हवं, पायऱ्या कशाला हव्यात? रोटाला घरोघरचे पुरुष मूठ मूठ गहू देतात. तशी घरोघरच्या बायांनी घागर घागर पाणी द्यावं. बारवेचंच पाणी, वर शेंदलेलं. बाजूला कुंड करा, त्यात ओता, त्यात देवी बुडवा.

आबांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण रोटाचा हिशेब त्यांच्या रक्तात होता. कुठल्या घरच्या किती बाया, किती घागरी, हे त्यांनी मुठींसारखंच लगेच ठरवायला घेतलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. हिचीबी एक घागर लिहा, म्हणाले, इथलं पाणी पिते ना? रोटात नसले तरी पाण्यात मला वाटा मिळाला. मी रडता रडता हसले आणि शेजारणीने चिमटा काढला.

रविवारपर्यंत गाव कुंडाच्या मागे लागलं. बारवेपासून दूर, उताराच्या बाजूला, असा यांचा हट्ट होता आणि तो सगळ्यांनी मानला. बांधावरचे दगड आले, गावच्या गवंड्याने चुना घोटला, बायांनी लिंपलं. यांनी रजा घेतली. पहिल्या दिवशी बायकांनी त्यांच्या हातात दोर दिला आणि कठड्याभोवती उभ्या राहून मजा पाहिली. दोन घागरींत त्यांच्या तळव्याला फोड आले. त्यांना तूप लावून देताना मला फार बरं वाटत होतं, ते मी लपवलं नाही. पुढे त्या भिंतीचा दगड निखळला की भावकीतलंच कुणीतरी बसवून टाकायचं, खात्याला कळवायची वाट कुणी पाहिली नाही. 'जावयाची भिंत' हे नाव मात्र राहिलं.

पण भाऊ मायशी बोलला नव्हता. रहाटाचा दोर त्यानेच वळून दिला, कुंडाला दगड वाहिले, रात्री दमून निजला. माय त्याच्या अंथरुणाशी क्षणभर उभी राहायची आणि निघून जायची. सणाची गडबड, पुरणाचा वास, घरात चाळीस माणसं, आणि माझं लक्ष त्या दोघांवर. मी शंभरदा चुलीपासून अंगणापर्यंत गेले असेन.

सोमवारी सकाळी मायने चौरंग डोक्यावर घेतला. घोट्याला धोतऱ्याची पानं बांधून वर फडकं गुंडाळलं होतं. वाजंत्री लागली. देवी डोक्यावर घेतलेली सून वाटेवर थांबते, दारोदारच्या बाया तांब्याने तिच्या पायांवर पाणी घालतात आणि त्या पायांवर डोकं टेकतात. देवीचेच पाय ते, त्या दिवसापुरते. लहानपणापासून मी ते पाहिलं होतं. पहिल्या दाराशी माय थांबली आणि ती शेजारीण तांब्या हातात धरून उभीच राहिली. तिची नजर फडक्यावर होती. तिने फक्त लांबून हात जोडले. पुढच्या दाराशीही तेच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. परात सगळ्यांनी पाहिली होती. माय डोक्यावर देवी घेऊन सरळ पुढे पाहत चालत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. माझ्या अंगाची आग झाली. एक तांब्या हिसकावून घ्यावा म्हणून मी पुढे सरले.

तेवढ्यात वाजंत्री अडखळली. भाऊ वाटेत उभा होता, तांब्या घेऊन. त्याने मायच्या दोन्ही पायांवर पाणी ओतलं, फडक्यावरही, नीट भिजेपर्यंत. मग डोकं टेकायचं, तर त्याचा गुडघा दुमडत नाही. तो आधी हात टेकून चिखलात बसला, डावा पाय बाजूला लांब केला, आणि तसाच वाकडा होऊन, जवळजवळ आडवा होऊन, त्याने तिच्या त्या बांधलेल्या घोट्यावर कपाळ ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

हे माझ्या शेजारी होते. पाणी वाहून कुठे जातंय ते पाहून ते काहीतरी बोलणार होते. मी त्यांची बाही धरली.

मायला वाकता येत नव्हतं, डोक्यावर देवी होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"ऊठ भाऊ," ती म्हणाली. "चिखल शे."

तो उठला नाही लवकर. मागून पहिल्या दारची शेजारीण तांब्या घेऊन धावत आली, आणि तिच्यामागे दुसरी.